लिनोलियम

लोफोटेनच्या लाटांवर चौदा हिवाळे
चार पाय रोवून उभा राहिलेला स्क्रेई
आज स्वयंपाकघरात डावीकडे कलंडला.
समुद्र नव्हता. लिनोलियम होतं.

बुबुळं लटलटतायत. मान तिरकी,
जणू कुणी काही विचारलंय
आणि त्याला नीट ऐकू आलेलं नाही.

कानाचं आहे, मेंदूचं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
उतरेल. बहुतेक.

ओस्लाउगनं घरातले सगळे गालिचे दारापर्यंत अंथरले;
कमी पडले तिथे नवऱ्याचा स्वेटर,
सहा वर्षं न धुतलेला.

पोटाखालून टॉवेल घालून
ती त्याला बर्फात मुतायला नेते,
आणि घसरते स्वतःच.

पायरीवर टेकतात दोघं.
"बंदरात उतरल्यावर मलाही
जमीनच हलायची रे," ती म्हणते,
आणि सरकून
त्याच्या डाव्या अंगाला बसते.