लाभ

माझा बाप मापाडी होता, जालन्याच्या मोंढ्यात.
पायलीनं ज्वारी मोजताना
तो कधी 'एक' म्हणाला नाही.
पहिलं माप पोत्यात पडलं की खर्जात म्हणायचा
लाभ.
मग दोन, मग तीन.
सगळेच मापाडी तसं म्हणायचे, मोंढ्याची रीत ती.
पण बाप रविवारी चर्चात प्रार्थनेला उभा राहिला
तरी तिथूनच सुरू करायचा:
"बापा, लाभ."
आणि मग बराच वेळ गप्प.
पाळकसाहेब एक डोळा उघडून बघायचे, संपली का म्हणून.

मी काट्याचा माणूस. इलेक्ट्रॉनिक.
तांबडे आकडे, पावती, पुढचं पोतं.
तोंड उघडावं लागत नाही.

शलोमीला घाटीत डायलिसिसला न्यायचो
आठवड्यातून दोनदा, सकाळच्या पॅसेंजरनं.
सुईच्या आधी तिथंही काटा.
नर्स आकडा मोठ्यानं वाचायची.
चोपन्न. एक्कावन्न. शेहेचाळीस.
मी मनात गिऱ्हाइकासारखा भांडायचो,
बाई, याला शिक्का मारून किती वर्षं झाली?
एकोणचाळीसवर शलोमी हसली.
म्हणाली, आता मला एकटा हमाल उचलंल.

त्यानंतर सात वर्षं चर्चची पायरी चढलो नाही.
देवाशी भांडण नव्हतं.
हिशेब जुळत नव्हता, एवढंच.
रात्री खाटेवर पडून मोजायचो
काय काय गेलं ते,
आणि त्या मोजणीत पहिल्याला 'एक'च म्हणायचो.

बदनापूरच्या पुढं, आमच्या मूळ गावी, कापणीचा सण.
पत्र्याचं छोटं देऊळ, पुढं ओळीनं
तूर, बाजरी, मोसंब्यांची पाटी, एक भोपळा,
आणि पाय बांधलेली कोंबडी,
जी दरसाल लिलावात अमोस मास्तर घेतात
आणि दरसाल परत देतात.
(कोंबडी नवी, मास्तर तेच.)
एलीशेबाक्कानं ओढून नेलं होतं.
जेवायला चल म्हणाली. उपासनेचं बोलली नाही.

कोपऱ्यात बापाची पायली.
तळ झिजलेला, कडेला त्याच्या अंगठ्याची खूण.
पाळक नवा, माझ्या भाच्याच्या वयाचा.
काका, म्हणाला, अर्पणाचं धान्य मोजायचंय,
तुमचं तर घराणंच.

बसलो. गुडघे वाजले.
पायली खुपसली, हलवली, तळव्यानं दाबली,
वर शीग चढवली. हात काही विसरला नव्हता.
ओतली.
तोंडातून गेलं: लाभ.

पुढं दोन येईना.

मंडळी थांबली. कोंबडीसुद्धा.
पोत्याच्या तळाला ज्वारी पडली होती,
कुणीतरी पेरलेली, कुणीतरी राखलेली,
मी न मागितलेली.
दुसरं माप आलं नसतं
तरी ती तिथं होतीच.
शलोमी होती.
एकवीस वर्षं होती.
ती मी कधी मोजलीच नाहीत,
थेट वजाबाकीला बसलो होतो.

बाप प्रार्थनेत का गप्प व्हायचा ते कळलं,
निदान कळलं असं वाटलं.
भिंतीवर क्रूस होता, बाभळीचा, जरा तिरका.
त्याच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.
त्यानं बघितलं असावं.

मागून राहेलमावशी खेकसली,
"दोन म्हण की लेकरा, काहून अडलास?
वरण निवू लागलंय."

दोन, म्हणालो.
हसू येत होतं, नाक गळत होतं.
तेवीस पायल्या भरल्या त्या दिवशी. चोविसावी अर्धी.

आता मोंढ्यात परत तोच काटा.
सकाळी बटण दाबलं की तांबडी शून्यं उजळतात,
पोतं अजून चढायचं असतं.
तेवढ्यात मी हळूच म्हणून घेतो.
शेठचा पोरगा विचारतो, काका, काही म्हणालात?
काही नाही, म्हणतो,
काटा लावतोय.