जमेची बाजू

गुरुवारी ऑफिस सुटलं की
मी रुवीहून वादी कबीरला जातो,
गॅरेजांच्या रांगेमागच्या भाड्याच्या बंगल्यात.
दारावरची पाटी उन्हानं इतकी विटलीय
की नवा माणूस हमखास आधी टायरवाल्याकडे शिरतो.

मी इथला बिनपगारी हिशेबनीस.
डावीकडे जमा, उजवीकडे खर्च,
गुहागरच्या पेढीवर वडिलांनी आखायला शिकवलेली तीच रेघ.

उजवीकडे शब्द कधी कमी पडत नाहीत.
भाडं. बसचं डिझेल.
बोथट टोकाच्या कात्र्या, बारा.
दोन एसी, त्यातला एक खोकतो.
स्पीच थेरपीवाल्या मॅडमचा अर्धा पगार;
उरलेला अर्धा त्या मागत नाहीत,
मीही वहीतून मान वर करत नाही.

डावीकडे, ऑक्टोबरात,
एका मोठ्या कंपनीचा चेक आला.
आला म्हणजे पुठ्ठ्याचा आला, सहा फुटी.
दारातून आडवा जाईना,
तिरका करकरून कसाबसा आत घेतला.
मुलांना एकसारख्या टोप्या घातल्या
(मुलं म्हणायची सवय; धाकटा चोवीसचा आहे),
एकसारखं हसायला सांगितलं.
ग्रीष्मा हसली नाही.
तिला हनुवटीखालचं इलॅस्टिक काचत होतं.
खरा चेक मार्च उजाडला तरी नाही.
मी फोन करतो; पलीकडचा गोड आवाज
माझं नाव दर वेळी पहिल्यांदाच ऐकतो.

बरं, डबा घेऊन दुकानोदुकानी हिंडावं, तर तीही सोय नाही.
मागायला परवाना लागतो,
परवान्याला शिक्का, शिक्क्याला मुदत.
थुरय्याबाईंचा अख्खा रमजान त्यात गेला.
आता तो कागद काचेत आहे,
आणि त्या येता-जाता त्याची धूळ पुसतात.

पावत्यांवर शिक्का मारतो ओजस.
ओजस पेडणेकर, वय सव्वीस.
आकडे त्याच्यापाशी थांबत नाहीत.
नोट तो कानाशी नेतो,
करकरली की मान डोलावतो.
न करकरणारी टेबलावर ठेवून
तळव्यानं हळूहळू सरळ करत बसतो,
तापलेल्या माणसाचं कपाळ चेपावं तशी.

मागच्या आठवड्यात नळ दुरुस्त करायला एकजण आला,
कॅम्पमधला, बोली आमच्यापैकी कुणालाच न कळणारी.
मजुरी घेतली, मग थोडा घुटमळला,
आणि त्यातलीच अर्ध्या रियालची नोट
टेबलाच्या कडेला सोडून निघाला.
ओजस शिक्का घेऊन मागे धावला, अनवाणी,
तापल्या फरशीवरून फाटकापर्यंत.
तिथंच, त्या माणसाच्या पाठीवर कागद ठेवून,
पावती.
तो वाकून उभा राहिला, शाई वाळेपर्यंत.

आणि परवा व्हिसाच्या खिडकीवर
ओजसच्या आईला विचारलं, मुलगा करतो काय?
नेहमी इथं तिचा आवाज बसतो.
या वेळी तिनं त्याचा उजवा हात धरून काचेला लावला.
निळी बोटं.
तरीही खिडकीतला माणूस म्हणाला, कागद आणा.
कागद मी टाइप करतोय. हुद्द्याच्या रकान्यात अडलोय.

पुठ्ठ्याचा चेक उलटा करून
त्यावर मुलं मेणबत्त्या वाळत घालतात.
मी तो डावीकडे लिहिला: टेबल, एक.
थुरय्याबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, किंमत टाक.

या महिन्याची तूट एकशे बारा रियाल.
रेघ ओढायच्या आधी मी खिशात हात घातला.
तेवढ्यानं भागणार नाही, मला माहीत आहे.
म्हटलं, ओजस, माझी पावती नको.
त्यानं ऐकलंच नाही.
नोट कानाशी नेली, शिक्क्यावर फुंकर घातली,
जीभ दातात धरून नेम साधला.

उलटा पडलाय शिक्का.
राहू दे.
ऑडिटरला मी सांगेन.