खुरीस मागे घेताना

आमच्या वाडीतला खुरीस
आजवर तीनदा मागे सरकला आहे.
एकीकडून समुद्र, दुसरीकडून खाडी,
मधल्या पट्टीवर आम्ही, माडांच्या मुळांना धरून.
दुसऱ्यांदा सरकला तेव्हा मी अकरा वर्षांची.
इनासबाबने माझ्या हातात
चुन्याने भरलेली करवंटी दिली :
"सांडू नको. सांडलो तर रडू नको."

इनासबाब आम्हाला दोत्रीन शिकवायचा,
शनिवारी, मासळीचा लिलाव उरकल्यावर,
कपेलाच्या मागच्या पडवीत.
खरं तर त्याला दहा आज्ञा ओळीने येत नसत.
सातवी आणि आठवी हटकून अदलाबदल,
चोरीच्या जागी खोटं, खोट्याच्या जागी चोरी.
फिलू तोंडावर हात धरून खुसखुसायची.
"हसा हसा. पण मोडू नकात एकय,"
आणि मांडीवरच्या जाळ्याची शिवण पुढे चालू.

एका शनिवारी तो जाळं न घेता आला.
"आज धडो नाय. आज मी तुमच्या बाकार बसतंय."
बसला. बाक कुरकुरला.
मग सांगितलं, की रापणीच्या वाटणीतला
मिंगेलच्या विधवेचा वाटा, एका टोपलीचा,
तो नारळी पुनवेपासून दाबून बसलाय.
"ही सातवी.
आणि तिणां विचारल्यार नाय म्हटलंय, ती आठवी.
आता क्रम चुकाचो नाय."

उठून निघाला. आम्ही सहा जण मागून.
कुणी चला म्हटलं नव्हतं.
आनामारीने दार उघडलं, कोपरापर्यंत खवलं.
त्याने पेपरातली पुडी ओट्यावर ठेवली.
काय बोलला ते लाटांत ऐकू आलं नाही.
तिने लगेच माफ केलं नाही, एवढं आठवतं.
पुडी सोडली, पैसे मोजले,
पुन्हा मोजले,
मग आमच्याकडे बघून म्हणाली,
"पोरांका कित्याक हाडलंस?"
"मी नाय हाडलंय. ती इली."

दृढीकरणाच्या आधी फादरनी विचारलं,
पवित्र आत्म्याची सात दानं सांग.
मला पाच आली.
सहाव्याला माझ्या डोळ्यांपुढे
ते खवलांचं दार उभं राहिलं
आणि मी गप्प बसले.

आता त्या पडवीत शनिवारी मी असते.
मला जाळं शिवता येत नाही,
त्यामुळे हात कुठे ठेवावेत हा प्रश्नच.
चार मुलं. दोघांच्या दप्तराखाली फोन उजळतो.
एल्टन विचारतो, मान वर न करता,
"टीचर, तुमचे बाबा बोटीवरून परत आले नाहीत
तेव्हा देवाला काय म्हणालात?"

उत्तर पुस्तकात आहे, पान एकोणतीस.
पुस्तक मी मिटलं.
"दोन वर्षं काही म्हणाले नाही.
मिस्साला यायचे, नुसते ओठ हलवायचे.
इनासबाबला ते कळलं.
म्हणाला, ओठ तरी हालय.
बाकीचा, तुझ्या वाटणीचा, मी म्हणतंय."

एल्टनला हे पुरलं का, ठाऊक नाही.
चपलेने वाळूत रेघ ओढत राहिला.
त्याचे वडील मार्चपासून घरी नाहीत,
हे मला, त्याला आणि सगळ्या वाडीला माहीत.
त्या रात्री झोपण्याआधी
मी त्याच्या वाटणीचं म्हटलं.
त्याला सांगितलेलं नाही.

पावसाआधी खुरीस पुन्हा काढायचाय,
चौथ्यांदा.
जांभ्याच्या चिऱ्यांवर एल्टन खडूने आकडे घालतोय,
नव्या जागी तसेच लागावेत म्हणून.
फोनवाले दोघे पहारीशी झटतायत,
एकमेकांना शिव्या देता देता जीभ चावतात.
चुना कालवून झाला.
सगळ्यात धाकटी जिवाना
दोन्ही हात पुढे करून उभी.
करवंटी शोधते, सापडत नाही.
न्हाणीतला निळा प्लास्टिकचा मग
काठोकाठ भरून देते तिला.

चार पावलांवर सांडतो.
ती वळून माझ्याकडे बघते.