शिक्षा

विजयनगरच्या ऑफिसात माझं काम एवढंच:
कुमुदआत्याच्या साडेचार तासांच्या बोलण्यातल्या
प्रत्येक शब्दाखाली लिहायचं, म किंवा हिं.
इंदूरच्या मराठी माणसाचं वाक्य
कुठल्या भाषेत निघतं आणि कुठल्या भाषेत पोचतं,
हे मशीनला शिकवायचंय.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, एकतीस वर्षं.
"थांबा, लाइन बिझी है."
थांबा, म. है, हिं.
मधल्या दोघांचा रकाना वेगळा.

मॉडेलला भाषा दिसत नाही, फक्त शब्द ऐकू येतात.
आत कोण बसलंय ते बाहेरच्या आवाजावरून ओळखायचं,
जसं भिंतीपलीकडच्या भांड्यांवरून
शेजारी स्वयंपाक चाललाय की भांडण.
आणि आठवण एकाच पावलाची.
मराठीनंतर मराठी: शंभरात एक्याऐंशी.
उरलेल्या एकोणीस वेळा ती उंबरा ओलांडते,
भाजीवाल्याचा विषय निघाला की,
काकांचं आजारपण निघालं की.
आकडे मात्र मराठीतच. पावणेदोनशे. सव्वातीन.
मांजरावर ओरडणंसुद्धा.

मग फाइल सतरा. रामबाग, मागे कुकरची शिट्टी.
"उज्जैनला मामांकडे दोन साल शिक्षा मिळाली."

आपल्यात शिक्षा म्हणजे छडी.
त्यांच्यात शिक्षा म्हणजे शाळा.
साल एका हाताला ओढतं, मिळाली दुसऱ्या.
मॉडेल म्हणालं: मराठी, बावन्न टक्के.

अशा वेळी उलटी पाळी असते.
शेवटापासून मागे यायचं;
पुढचं कळलं की मागचं बदलतं.
मी पुढे ऐकत गेले. शाळेचं नाव आलं,
गणिताच्या बाई, भूमितीचं बक्षीस, एक पितळी कंपास.
शब्द सरकून हिंदी झाला.
आणखी चार मिनिटं.
"मामीने वेणी कापली होती. बस, एक बार."
पुढे बराच वेळ नुसता पंखा.
पंख्याला कुठलंच अक्षर नाही.

रविवारी विचारलं,
आत्या, रकान्यात एकच मावतं. कुठलं लिहू?
ती लसूण सोलत होती.
"लाइन जोडून दिली
की ऑपरेटरने ऐकायचं नसतं," म्हणाली,
आणि सालं फुंकून टाकली.

तेवढ्यात दारात दूधवाला.
"भैया, कल—"

काल, की उद्या?
क्रियापद आलं की कळेल.
मी पेन्सिल उचलून धरलीय.