दोघांसाठी

अठ्ठ्याण्णवच्या दहावीच्या तुकडीनं
निवृत्तीला दिलेलं पाकीट :
एक रात्र, न्याहारीसह, दोघांसाठी.
दुसरं कोण, हे कुणी विचारलं नाही.
मुलं तशी हुशार होती.

बेलापूरला, पारसिकच्या उतारावर,
बाहेरून नुसती मातकट भिंत, खिडकी नावाला नाही.
आत पाऊल टाकलं आणि आकाश चौकोनी झालं.
मधोमध कारंजं, कुंड्यांतून संत्र्याची झाडं
आणि जमिनीपासून छातीपर्यंत
निळ्या-हिरव्या तुकड्यांची भूमिती.
पर्स खांद्यावर तशीच.
मी कोन मोजत उभी.

लाल गोंड्याच्या टोपीतला मुलगा
हात पार डोक्यावर नेऊन
पुदिन्याचा चहा ओततो, दोन पेल्यांत.
"मोरोक्कोची पद्धत आहे, मॅडम."
"तू कुठला?"
"तलासरीचा. वरठा."
एक थेंब सांडला नाही. शाबास म्हटलं
तर टोपी सावरत लाजला;
ती त्याला दोन बोटं मोठी होते.

खोलीत पितळी जाळीचा दिवा.
लावला, तर भिंतीवर, छतावर, माझ्या हातांवर
पिठाच्या चाळणीतून पडावा तसा उजेड.
पलंग इतका रुंद
की मधोमध झोपायचं ठरवूनही
सवयीनं कडेला गेले.
दाराशी पिवळ्या चामड्याच्या सपाता, दोन जोड.

झोप नाही. उशाशी हॉटेलचं पॅड, पेन्सिल.
पेला उपडा ठेवून वर्तुळ काढलं.
आठ टोकांची चांदणी सोपी असते :
एक चौरस,
त्याच केंद्रावर दुसरा, पंचेचाळीस अंशांत वळलेला.
पस्तीस वर्षं फळ्यावर काढली.
मधल्या रेघा पुसल्या
की आधी कुठला काढला ते ओळखता येत नाही,
हे आज, रात्री दीड वाजता, दिसलं.

शास्त्राचे पाताडे सर
माझा लाकडी कंपास परत द्यायला विसरायचे.
मी मागायला जायचे.
इतकंच.
मग त्यांची पनवेलच्या शाखेत बदली झाली
आणि कंपास शिपायाच्या हाती, कागदात गुंडाळून, आला.
तो कागद मी बराच वेळ उलटसुलट पाहिला होता.
वर्तमानपत्राचा होता.

सकाळी खाडीवर पांढुरकं ऊन,
ताटात अंजीर, ऑलिव्ह, आणि कोपऱ्यात
कुणीतरी माझ्यासाठी ठेवलेले पोहे.
निघताना विचारलं, सपाता नेता येतात?
"येतात की. दोन्ही जोड?"
दोन्ही, म्हटलं, जरा मोठ्यानंच.

उरण फाट्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली
तेव्हा पिशवीतून काढून पाहिले.
दोन्ही एकाच मापाचे.
माझ्या.