तिसऱ्या शेऱ्याला उत्तर

मे. सचिवसाहेब,
आपलं पत्र मिळालं. शिपाई कुष्टा ते धक्क्यावरच देऊन गेला,
घर नसलेल्या माणसाचा पत्ता त्याला पाठ आहे.

पहिल्या वेळी आपण लिहिलंत, रस्त्यापासून तीन मीटर सोडा.
सोडले.
एकतीस वर्षं फेरीबोट चालवली मी,
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण.
काठापासून किती अंतरावर थांबायचं ते हातांना कळतं.
कागदावर मात्र फडते ड्राफ्ट्समनने पट्टी सरकवली
आणि बाल्कांव गेला.
शेवंतीने त्यात दोन बाक मनात बांधून ठेवले होते.
एकावर ती बसणार होती, दुसऱ्यावर
जो कुणी येईल तो.

दुसऱ्या वेळी विहीर.
आमची नव्हे, कायतानची.
ती नकाशात नव्हती कारण ती कुणाच्या तोंडातच उरली नव्हती:
नळ आला त्या साली तिच्यावर पत्रा पडला,
आत फणसाची पानं आणि एक बेडूक.
इंजिनियर मॅडम म्हणाल्या, विहीर ती विहीर.
सेप्टिक टँक पंधरा मीटर लांब हवा.
मी टेप घेऊन गेलो. दुसरं टोक कायतानने धरलं.
आठ वर्षं आम्ही बोलत नव्हतो,
कुंपणावरून, म्हणजे खरं तर एका माडाच्या सावलीवरून.
"ओड," तो म्हणाला. "आनीक ओड."
बारा मीटर साठ.
मग त्याने पत्रा उचलला. आम्ही वाकलो.
खाली पाण्यात दोन म्हातारे होते,
त्यातल्या एकाने दुसऱ्याला विचारलं,
"च्या घेता मरे?"

टँक उत्तरेला गेला, त्याच्यामागे न्हाणी गेली,
न्हाणीमागे स्वयंपाकघर.
घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात.
इथे वासे यायच्या आधीच घर चारदा फिरलं.

आवारात काढलेल्या वर्तुळाचा खुलासा मागितला आहे.
फडतेने त्यात नुसता इंग्रजी टी लिहिला होता.
मॅडमना वाटलं टँक, आणखी एक.
तुळस आहे, साहेब.
झाडात दाखवायची की बांधकामात, हे फडतेला ठरवता येईना.
बांधकामात धरली तर तेवढं क्षेत्रफळ कुठून तरी कापावं लागेल.
शेवंती म्हणाली, लिहा, माहेरून आणली आहे.
तसं लिहिलं आहे. पान दोन पाहावं.

राहता राहिली दक्षिणेची खिडकी.
हद्दीपासून दीड मीटरच्या आत, सबब रद्द करावी.
हद्दीपलीकडे कायतान. तो म्हणाला, माझी हरकत नाही,
आणि लिहूनही दिलं, सही करून, जागा पुरेना म्हणून
मागच्या पानावर चालू.
मॅडम म्हणाल्या, हरकत त्याची नव्हेच. नियमाची.

साहेब, त्या खिडकीतून नदी दिसावी असा हट्ट नाही.
नदी मी पुष्कळ पाहिली.
तिथून धक्क्यावरचा दिवा दिसतो, तेवढंच.
शेवटची बोट बांधली की तो मालवायचा.
मी मालवायचो, आता पराग मालवतो, माझ्याच हाताखाली शिकलेला.
भाड्याच्या खोलीतून शेवंती त्या दिव्यावर नजर ठेवून असायची,
विझला की भात गरम करायला घ्यायची.
आता मी घरीच असतो संध्याकाळपासून, जेवून, आडवा.
तरी त्या वेळेला तिचा हात
शेगडीच्या बटणाकडे जातो.

नियम पुन्हा वाचला. फडतेकडून वाचून घेतला.
खिडकीला मनाई आहे.
झरोक्याला नाही, जमिनीपासून सहा फुटांवर असल्यास.
सबब खिडकी रद्द केली आहे.
त्या जागी झरोका, एक फूट बाय दोन,
नकाशात लाल शाईने दाखवला आहे, सहाही प्रतींत.
त्याखालचं स्टूल दाखवलेलं नाही.
हलवता येणाऱ्या वस्तू दाखवायच्या नसतात,
असं फडते म्हणतो.

कळावे.