उभं धरायचं

तोंड लावते, चार घोट घेते,
आणि मग पाठीचं धनुष्य करते बाळी.
डोकं मागे, मुठी आवळलेल्या,
जणू दुधानेच तिला फसवलंय.
ते दूध माझ्या गाऊनवर, तिच्या कानामागे,
आणि त्या पिवळ्या टॉवेलवर,
जो कितीही धुतला तरी आंबूस.

मी अंबडच्या कारखान्यात गेज घेऊन बसायचे.
एक टोक भोकात गेलं पाहिजे,
दुसरं जाता कामा नये.
गो, नो-गो.
दिवसाला आठशे बुश,
आणि एकालाही मी कधी
'कदाचित' म्हटलं नाही.

डॉक्टर आहेर म्हणाल्या, कदाचित रिफ्लक्स.
कदाचित नुसतीच लहान आहे.
अन्ननलिकेचं तोंड सैल असतं हो या वयात,
आवळतं हळूहळू.
वजन वाढतंय ना?
काट्यावर बाळी नागडी, लालबुंद,
चार किलो सहाशे.
वाढतंय.
मग पाजून झालं की वीस मिनिटं उभं धरायचं.
निजवायचं मात्र पाठीवर, सपाट.
एवढंच?
एवढंच. औषधाचं पुढच्या वेळी बघू.

कॉलेज रोडवरून रिक्षाने येताना
त्या 'एवढंच'चा राग आला मला,
थेट पाथर्डी फाट्यापर्यंत पुरला.

सासूबाई सिन्नरहून आल्या
त्या ओव्याची पुरचुंडी घेऊनच.
बागूल काकू म्हणाल्या, वांगं खाल्लं असशील.
नणंद फोनवर म्हणाली, दृष्ट.
मी वांगं सोडलं, हरभरा सोडला, चहा सोडला.
दारात द्राक्षांची गाडी यायची,
भरल्या हंगामात मी द्राक्षंही सोडली.
बाळीने काहीच सोडलं नाही.

वहीत रकाने आखलेत मी, सवयीने.
वेळ. बाजू. मिनिटं. ओकली / नाही ओकली.
त्यात एक गोष्ट लिहिलेली नाही:
सहाव्या आठवड्यात एका दुपारी
ती पाळण्यात नुसती चुळबुळली,
रडलीसुद्धा नव्हती अजून,
आणि हुक काढता काढता मीच रडू लागले.
तिच्या भुकेची भीती वाटायची मला.
आईला अशी भीती वाटते का, हे कुणाला विचारू?
सासूबाई दारात उभ्या होत्या.
काही बोलल्या नाहीत.
बाळीला उचललं, खांद्यावर टाकलं,
आणि पुरचुंडी माझ्याच पाठीला लावली.

प्रज्योत सिटी बस चालवतो.
रात्री त्याची पाळी आली की तिला छातीशी उभी धरून
स्वयंपाकघर ते खिडकी फेऱ्या मारतो
आणि थांबे सांगत राहतो:
निमाणी.
पंचवटी कारंजा.
रविवार कारंजा, पुढे सरका, पुढे सरका.
सीबीएस.
मुंबई नाका.
इंदिरानगर.
पाथर्डी फाटा, शेवटचा स्टॉप.
वीस मिनिटं बरोब्बर होतात, म्हणतो,
सिग्नल धरून.
मुंबई नाक्याला ढेकर आला
तर तिकीट फाडल्यासारखा आवाज काढतो तोंडाने.
एकदा बाळीने त्याच्या शर्टाच्या खिशात ओकलं,
नेमकं खिशात.
आम्ही दोघं इतकं हसलो
की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

आज त्याची पहाटेची ड्युटी,
म्हणून झोपू दिलंय.
तीन वाजून दहा.
खिडकीबाहेर पांडवलेणीचा डोंगर असावा,
थंडीत नुसता काळोख आहे.
हायवेवर ट्रक.
तिची हनुवटी माझ्या खांद्याच्या हाडावर,
श्वासात जरासा आंबट वास,
पाठीच्या मधोमध माझा तळहात,
तो फिरतो, थांबतो, फिरतो.
गो म्हणत नाही, नो-गो म्हणत नाही.

निमाणी.
कारंजा.
दुसरं कारंजा.
सीबीएसला उचकी.
मुंबई नाका गेला, काही नाही.
इंदिरानगर.
फाटा आला.

उतरवत नाही अजून.
परत निमाणी.